‘आर्किटेक्ट’ ही पाटी लावण्याआधी: बारावीपासून नोंदणी क्रमांकापर्यंत

भारतात नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लिहायचे असेल, तर दिल्लीतल्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या, म्हणजे वास्तुकला परिषदेच्या, नोंदवहीत तुमचे नाव असावे लागते. बी.आर्क.ची पदवी तिथवर नेते, पण नुसत्या पदवीने कोणी आर्किटेक्ट होत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टची व्याख्याच तशी आहे: ज्याचे नाव सध्या नोंदवहीत आहे, तो आर्किटेक्ट. यातला ‘सध्या’ हा शब्द लक्षात ठेवा. एकदा चढलेले नाव नूतनीकरण थकले की उतरतेही.

या कायद्याच्या कलम ३७ ने नोंदणी नसताना ही उपाधी वापरायला मनाई केली आहे. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम १९७२ च्या काळातली आहे, म्हणून ती किरकोळ समजू नये. खोट्या उपाधीने सही केलेला नकाशा उघडकीला आला की मालकाची परवानगीच अडचणीत येते, आणि ते नुकसान दंडापेक्षा कितीतरी मोठे असते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे कलम उपाधीला संरक्षण देते, इमारतींचे आराखडे करण्याच्या कामाला सरसकट नाही. सिव्हिल इंजिनिअर घराचा आराखडा करू शकतो, त्याच्या हद्दीत मंजुरीलाही देऊ शकतो, पण स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा, नगररचनेची पदवी, बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, यांपैकी कशानेही नोंदवहीचे दार उघडत नाही. वास्तुशास्त्राचा सल्ला देणारे लोक हा तर वेगळाच व्यवसाय आहे. मराठीत ‘वास्तुकला’ आणि ‘वास्तुशास्त्र’ हे शब्द जवळजवळ सारखे असल्याने घोळ होतो, म्हणून या लेखात आर्किटेक्ट हाच शब्द ठेवला आहे.

अकरावीला विषय निवडताना

गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन विषय सोडू नका. तिसरा विषय कोणता चालेल आणि किमान टक्के किती, हे नियम परिषदेने अलीकडच्या वर्षांत बदलले आहेत. त्यामुळे मोठ्या भावाच्या किंवा शेजारच्या मुलीच्या वेळचे नियम धरून चालू नका, आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून पाहा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे, मात्र डिप्लोमात गणित असायला हवे. इंजिनिअरिंगसारखा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश इथे मिळत नाही, पहिल्या वर्षापासून पाचही वर्षे करावी लागतात. बी.आर्क. पत्रद्वारा होत नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल, तर त्या पदवीवर नोंदणी मिळणार नाही.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील तर हात बसलेला असतो. दिल्या नसतील तरी बिघडले नाही. अकरावीपासून रोज अर्धा तास स्केचबुक उघडले तर दीड वर्षात फरक स्पष्ट दिसतो.

नाटा, जेईई आणि चित्रकलेचा पेपर

प्रवेशाला अभिवृत्ती परीक्षा, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, अनिवार्य आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेलाही. “आधी प्रवेश घ्या, परीक्षेचे नंतर पाहू” असे कुठे ऐकलेत तर तिथून परत फिरा, कारण पाच वर्षांनी नोंदणीच्या वेळी ही गाठ सुटत नाही.

परीक्षा तीन प्रकारच्या आहेत. नाटा ही परिषदेची स्वतःची परीक्षा. महाराष्ट्रातली आणि गोव्यातली बहुतेक मुले हीच देतात, आणि एकाच वर्षी ती एकाहून अधिक वेळा देता येते. जेईई मेनचा पेपर २ए हा एनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थांसाठी लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीतली बी.आर्क.ची जागाही याच वाटेने मिळते. खरगपूर, रुरकी किंवा वाराणसीच्या आयआयटीत जायचे असेल तर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होऊन वर एएटी ही वेगळी चाचणी द्यावी लागते. तिच्यात क्रमांक लागत नाही, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच ठरते, आणि जागा अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर मिळते.

पेपर २ए ४०० गुणांचा: गणित १००, अभिवृत्ती २००, चित्रकला १००. नाटा २०० गुणांची: चित्र आणि रचना ८०, संगणकावरचे प्रश्न १२०. नाटाच्या ८० गुणांत रंगीत रचना, काळे-पांढरे रेखाटन आणि परीक्षा केंद्रावर दिलेल्या साहित्यातून त्रिमित रचना असे तीन प्रश्न असतात. मुले घसरतात ती प्रामुख्याने याच ८० गुणांत, म्हणून इथे थोडे थांबूया.

“आठवडी बाजार काढा” किंवा “एसटी स्टँडवरची सकाळ काढा” असा प्रश्न आला की बहुतेक जण एका कोपऱ्यातल्या भाजीच्या पाटीपासून सुरुवात करतात आणि पाने-फळे रंगवत बसतात. वेळ संपते तेव्हा उरलेला कागद रिकामा असतो. त्याऐवजी सर्वांत आधी क्षितिजरेषा ठरवा. तुम्ही सपाट जमिनीवर उभे राहून पाहत असाल, तर तुमच्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे याच रेषेवर येतात, मग ती जवळची असोत की लांबची. बदलते ते पायांचे स्थान: जवळच्या माणसाचे पाय कागदावर खाली येतात, लांबच्याचे रेषेजवळ. एवढे सांभाळले तरी चित्रातली गर्दी जमिनीवर उभी दिसते. नाही सांभाळले तर माणसे हवेत तरंगतात, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळते. बसलेल्या विक्रेतीचे डोके रेषेच्या बरेच खाली, बसचे छत रेषेच्या वर. नंतर सगळ्या वस्तूंचे मोठे आकार हलक्या हाताने बसवा, सावली एकाच बाजूला टाका, आणि तपशील फक्त पुढच्या भागात भरा.

पेन्सिली २बी, ४बी आणि ६बी पुरेत. सराव कोरड्या रंगांतच करा, कारण परीक्षेत तेच लागतात. त्रिमित रचनेसाठी घरी कार्डपेपर, स्ट्रॉ, थर्माकोल घेऊन पंधरा मिनिटांत एक अशा रचना करत राहा. कागद दुमडला की उभा राहतो, त्याला आडवी खाच पाडली की दुसरा तुकडा त्यात अडकतो, हे हातालाच शिकावे लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे समोरून देखणी आणि बाजूने पाहिली तर सपाट अशी रचना. करताना ती सतत फिरवून पाहा.

कॉलेज निवडताना एक यादी आधी पाहा

महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात आणि गुणवत्ता यादीत बारावीचे गुण व अभिवृत्ती परीक्षेचे गुण दोन्ही धरले जातात. नाटाच्या नादात बारावीकडे दुर्लक्ष केलेली मुले यादीत मागे पडतात. गोव्यात तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत पणजीच्या आल्तिनोवरील गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये प्रवेश मिळतो.

पसंतीक्रम भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची त्या वर्षाची यादी काढा. त्यात तीन गोष्टी जुळवून पाहा: संस्थेचे नेमके नाव, अभ्यासक्रमाचे आणि विद्यापीठाचे नाव, आणि त्या वर्षाची मंजूर प्रवेशक्षमता. संस्थेला पूर्वी मान्यता होती म्हणून यंदाही आहे असे गृहीत धरू नका. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. प्रवेशक्षमता ४० च्या पटीत असते. यादीत ४० दिसत असताना वर्गात ६० मुले बसवली, तर वरच्या वीस जणांच्या पदव्यांचे काय होईल, हा प्रश्न त्या मुलांनीच विचारायचा असतो, आणि तो पहिल्या वर्षीच विचारायला हवा.

आर्किटेक्चरच्या शिक्षणाचे निकष ठरवण्यात शेवटचा शब्द कोणाचा, यावर बरीच वर्षे वाद होता. तो मिटला कोल्हापूरच्या एका संस्थेच्या खटल्यात. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की या शिक्षणाबाबत परिषदेचेच निकष चालतील, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नव्हे. म्हणून कॉलेजच्या भिंतीवर लावलेल्या इतर प्रमाणपत्रांपेक्षा वास्तुकला परिषदेची यादी पाहा.

यादीतली नावे निश्चित झाल्यावर बाकीचे पाहायचे ते प्रत्यक्ष जाऊन. स्टुडिओ संध्याकाळी उघडा असतो का, प्रत्यक्ष काम करणारे आर्किटेक्ट शिकवायला येतात का, पाचव्या वर्षाच्या मुलांच्या शीट्सवर बांधकामाचे तपशील आहेत की फक्त संगणकावरची रंगीत चित्रे. मुंबईच्या जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजचा वारसा १९१३ पासूनचा आहे आणि तिथल्या जागेसाठी चुरस असते हे खरे, पण छोट्या शहरातल्या एखाद्या कॉलेजातही बांधकाम मन लावून शिकवणारे शिक्षक असू शकतात. आमच्या मते इमारत आणि वातानुकूलित सभागृह यांपेक्षा शिक्षकांना वजन द्यावे.

पाच वर्षांत काय कमवायचे

अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. त्यातले एक पूर्ण सत्र नोंदणीकृत आर्किटेक्टच्या कार्यालयात प्रत्यक्ष कामाचे असते. प्रत्येक सत्रात सर्वाधिक वेळ डिझाइन खाते, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आदल्या रात्रीपर्यंत. त्यामुळे बांधकाम तंत्र, संरचना आणि सेवा (पाणी, वीज, सांडपाणी) हे विषय ‘फक्त पास व्हायचे’ म्हणून बाजूला पडतात. पुढे सही केल्यावर अंगाशी येतात ते नेमके हेच विषय.

एक साधा जिना घ्या. मजल्याची उंची ३००० मिमी. पायरीचा चढ, म्हणजे एका पायरीची उंची, १५० मिमी ठेवला तर २० चढ होतात, दोन भागांत १० आणि १०. दहा चढांना पाय ठेवायच्या पायऱ्या नऊ, कारण दहावा चढ थेट लँडिंगवर जातो. प्रत्येक पायरी २५० मिमी रुंद धरली तर एका भागाची लांबी २२५० मिमी. मुले इथे दहा गुणिले २५० करतात आणि जिना २५० मिमीने चुकतो. पुढची चूक त्याहून महाग पडते. लँडिंग १५०० मिमी उंचीवर, तिचा स्लॅब १५० मिमी जाड, म्हणजे खाली मोकळी उंची १३५० मिमी. नकाशात मात्र त्याच लँडिंगखाली मागच्या अंगणात जायचे दार दाखवलेले असते. तिथून माणूस वाकूनच जाणार. २१०० मिमी मोकळी उंची हवी तर लँडिंग २२५० मिमीवर न्यावी लागते: पहिल्या भागात १५ चढ, १४ पायऱ्या, लांबी ३५०० मिमी, आणि वरच्या भागात पाचच चढ. म्हणजे जिन्याची जागा १२५० मिमीने लांबली आणि शेजारची खोली तेवढी कापली गेली. हे सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारे चित्र, काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून प्लॅन कितीही आवडला तरी जिन्यातून सेक्शन घेतल्याशिवाय तो पक्का करू नका. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरी किमान २५० मिमी आहे. पण १९० च्या चढावर आजी-आजोबा रोज चढ-उतार करणार आहेत का, हे विचारायचे काम तुमचे.

प्रशिक्षणाच्या सत्रासाठी कार्यालय निवडताना मोठ्या नावामागे धावण्याआधी विचारा: साइटवर नेणार का? आठवड्यातून किती दिवस? वर्किंग ड्रॉइंगवर (साइटवर बांधण्यासाठीच्या नकाशांवर) बसवणार की फक्त सादरीकरणाची चित्रे करून घेणार? ज्यांच्याकडे जाणार त्यांचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून ती नोंदणी तुमच्या प्रशिक्षणकाळात चालू आहे ना, हे पाहा. आर्किटेक्टला किती वर्षांचा अनुभव असावा याची अट विद्यापीठाच्या नियमांत वाचा. प्रशिक्षण संपताना लेटरहेडवर नोंदणी क्रमांक, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असलेला दाखला घ्या. तारखा चार दिवसांनी कमी भरल्या म्हणून सत्र अडकल्याचे प्रकार होतात, त्यामुळे सुट्ट्या धरून आधीच मोजणी करा.

साइटवर गेल्यावर किमान एक लाइन आउट (नकाशाची जागेवर आखणी), एक पायाची सळई तपासणी आणि एक स्लॅब ओतण्याचा पूर्ण दिवस पाहून घ्या. लाइन आउटला चौकोन काटकोनात आहे का हे कर्णाने पाहतात: ९ मीटर आणि १२ मीटर बाजू असतील तर कर्ण बरोबर १५ मीटर यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे. टेप ढिली धरली की इथेच २०-३० मिमीचा फरक पडतो, आणि तो पुढे फरशीच्या शेवटच्या रांगेत तिरका तुकडा होऊन दिसतो.

नोंदणीचा अर्ज

निकाल लागला की पदवीदान समारंभाची वाट पाहत बसू नका. तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो. अर्ज परिषदेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. सोबत लागतात: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि शुल्क. कागद अर्जाच्या दिवशी जमवायला लागलात तर एखादा हमखास राहतो. नवव्या सत्रातच एक फाइल करून प्रत्येक मूळ कागद सरळ स्कॅन करून ठेवा. मोबाइलने तिरका काढलेला, कडा कापलेला फोटो परत येतो. एखादा विषय राहिला होता आणि नंतर सुटला, तर त्या सत्राच्या दोन्ही गुणपत्रिका जोडा.

आपल्याकडे अर्ज सर्वाधिक अडतो तो नावावर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे, कधी शेवटी आईचे. आधारवर क्रम उलटा, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुधा निभावते, पण अक्षरांतला फरक निभावत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण धरून आधार आणि पॅन चौथ्या वर्षातच दुरुस्त करून घ्या. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत चूक असेल तर ती कॉलेजात असतानाच दुरुस्त करा, बाहेर पडल्यावर त्याच कामाला कित्येक महिने लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र आणि शासन राजपत्रातली नोंद जोडावी. आमचा सल्ला असा, की पदवीवरच्याच नावाने नोंदणी घ्यावी. पुढे प्रत्येक नकाशावर, प्रत्येक दाखल्यावर तेच नाव जाणार आहे.

अर्ज मान्य झाला की क्रमांक मिळतो. त्याची रचना सीए, मग वर्ष, मग अनुक्रमांक अशी असते. अर्ज नाकारला गेला तर कायद्यात परिषदेकडे दाद मागायची सोय आहे, आणि त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. नाकारण्याचे कारण लेखी घ्या, मुदत कॅलेंडरवर मांडा.

पदवीनंतर लगेच नोंदणी करावी की नोकरी करताना सावकाश, असे बरेच जण विचारतात. लगेच करा. अध्यापनासाठी नोंदणी लागतेच, आणि पुष्कळ निविदांत अनुभव नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो. नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि तिची मुदत डिसेंबरअखेर संपते. एकदम काही वर्षांचे शुल्क भरता येते, तसे भरून टाकलेले बरे. नाव उतरलेल्या काळात केलेली सही ही नोंदणी नसलेल्या माणसाची सही ठरते. नंतर शुल्क भरून नाव पुन्हा चढते, पण मधल्या काळातल्या नकाशाला त्याचा उपयोग नाही.

नोंदणी व्यक्तीची होते, कंपनीची नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे सदस्यत्व ही स्वतंत्र आणि ऐच्छिक गोष्ट आहे. १९१७ मध्ये मुंबईत जे.जे.च्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही जुनी व्यावसायिक संस्था आहे. तिथे जरूर जा, पण ते सदस्यत्व परिषदेच्या क्रमांकाची जागा घेत नाही.

पहिला नकाशा महापालिकेत देताना

क्रमांक मिळाला तरी प्रत्येक नियोजन प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीत तुम्हाला व्यावसायिक म्हणून खाते उघडावे लागते. त्यासाठी परिषदेचे चालू प्रमाणपत्र आणि डिजिटल सही तयार ठेवा. मुंबईत लायसन्स्ड सर्व्हेअर हा वेगळा परवाना महापालिका देते, तो आणि आर्किटेक्टची नोंदणी एक नव्हेत. मुंबईला २०३४ ची विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. उरलेल्या महाराष्ट्रात, काही क्षेत्रे वगळता, डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. गोव्यात २०१० ची जमीन विकास व बांधकाम नियमावली. ज्या गावात काम त्या गावची नियमावली, आणि तिच्यातली ताजी दुरुस्ती.

पहिल्या प्रस्तावात चूक होते ती क्षेत्रफळात. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर एक आकडा, मोजणी नकाशावर दुसरा, जागेवर तिसरा. यूडीसीपीआरच्या क्षेत्रफळ तक्त्याची पहिलीच ओळ सांगते की या तिघांतला सर्वांत लहान धरायचा. मालकाने सातबाऱ्यावरचे ५०० चौरस मीटर सांगितले, तुम्ही चटई क्षेत्र (बांधता येणारे एकूण क्षेत्र) त्यावर बसवले, आणि मोजणी ४८२ आली, तर सगळा आराखडा पुन्हा. म्हणून रेघ मारण्याआधी भूमी अभिलेखची मोजणी मागवा.

दुसरी चूक संगणकाची. नकाशा तपासणारी प्रणाली, उदाहरणार्थ ऑटोडीसीआर, ठरावीक लेअरवर ठरावीक गोष्ट शोधते. खोलीची पॉलिलाइन, म्हणजे संगणकावर काढलेली बाह्यरेषा, डोळ्यांना बंद दिसते, पण दोन टोकांत अर्ध्या मिलिमीटरची फट असते. प्रणाली ती खोली मोजतच नाही आणि अहवालात भलताच दोष दाखवते. प्रत्येक पॉलिलाइन ‘क्लोज्ड’ आहे का हे गुणधर्मांत पाहा, एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा काढून टाका, आणि बाल्कनी, जिना, पार्किंग यांना नियमावलीतलीच नावे द्या.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र, या प्रत्येक टप्प्यावर तुमची सही लागते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या कमी जोखमीच्या घरांना यूडीसीपीआरने सविस्तर छाननीऐवजी व्यावसायिकाच्या दाखल्यावर पुढे जाण्याची सोय दिली आहे. काम वेगाने होते, पण सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) कमी पडले तर विचारणा तुमच्याकडे येणार. महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात) नोंदलेल्या प्रकल्पात बिल्डरने प्रकल्पाच्या खात्यातले पैसे काढण्याआधी काम किती टक्के झाले याचा आर्किटेक्टचा दाखला, फॉर्म १, लागतो. स्वतः साइट न पाहता, फोनवर सांगितलेला टक्का लिहून या फॉर्मवर कधीही सही करू नका. त्या टक्क्यावर घर घेणाऱ्यांचे पैसे हलतात.

१९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांची प्रत टेबलावर ठेवा. सेवेची जाहिरात करायची नाही. कार्यालयाबाहेर किंवा इमारतीवर नाव लावता येते, पण अक्षरे १० सेंटिमीटरहून उंच नकोत. ठेकेदाराकडून किंवा टाइल्सच्या दुकानदाराकडून दलाली घ्यायची नाही. दुसऱ्या आर्किटेक्टचे काम चालू असताना मध्ये शिरायचे नाही. मालकाने तुम्हाला बोलावले तर आधीच्याचा करार संपला आहे का आणि पैसे दिले आहेत का, हे लेखी विचारा. पहिले स्केच देण्याआधी करार करा: कामाची व्याप्ती, टप्पे, प्रत्येक टप्प्याचे शुल्क, साइटवर किती फेऱ्या, किती वेळा बदल विनामूल्य. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे, तिच्या आत असाल तरी करारात ‘लागू असल्यास कर वेगळा’ हे वाक्य ठेवा.

परदेशात जायचे असेल तर

भारताचा क्रमांक तिकडे चालत नाही. अमेरिकेत परवाना राज्य देते. त्यासाठी पदवीचे मूल्यमापन, एएक्सपीचे (नोंदवलेल्या कामाच्या अनुभवाचे) ३७४० तास आणि एआरई या परवाना परीक्षेचे सहा पेपर अशी वाट आहे. ब्रिटनमध्ये एआरबी या तिथल्या नोंदणी मंडळाची नोंदणी आणि पार्ट १, २, ३ ची रचना. उलट, परदेशातून पदवी घेऊन परतणाऱ्यांनी ती पदवी परिषदेला मान्य आहे का, हे तिकडे प्रवेश घेण्याआधीच लेखी विचारावे. दोन्ही दिशांना शेवटी विषयवार अभ्यासक्रम आणि प्रत्येक विषयाचे तास मागितले जातात. पाचही वर्षांच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठाचा शिक्का असलेली प्रत पदवी घ्यायला जाल त्याच दिवशी काढून ठेवा. अभ्यासक्रम बदलल्यावर तुमच्या वर्षाची प्रत शोधणे फार कठीण जाते.